वाचकांचे प्रश्न : नॉर्डिक भाषा आणि परदेशातील इंटर्नशिप

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे स्वीडिश, डॅनिश, नॉर्वेजियन किंवा फिनिश शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची आणि त्यांच्या पालकांची आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातून अशी पत्रे येतील, असे मला दहा वर्षांपूर्वी वाटले नसते. जर्मन शिकता शिकता ही मुले उत्तर युरोपातल्या, म्हणजे नॉर्डिक, भाषांकडे वळली आहेत आणि आता त्यांना त्या देशांत काही महिने काम करून भाषा पक्की करायची आहे. सारखे प्रश्न एकत्र करून सहा पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. जर्मनची बी१ (मधल्या पातळीची) परीक्षा उत्तीर्ण झाल्यानंतर गेले दीड वर्ष मी ऑनलाइन स्वीडिश शिकत आहे. स्वीडनमध्ये चार महिन्यांची इंटर्नशिप करण्याची माझी इच्छा आहे. स्टॉकहोममधील चाळीसेक मोठ्या कंपन्यांना मी ईमेल पाठवले. दोघांनी नकार कळवला, इतरांनी उत्तरच दिले नाही. माझे काय चुकते आहे? (विद्यार्थिनी, राजारामपुरी)

उत्तर : तुम्ही पाठवलेल्या ईमेलची प्रत पत्रासोबत जोडली आहे, त्यामुळे नेमके सांगता येईल. तुमची स्वीडिश चुकलेली नाही, पत्ता चुकला आहे. स्टॉकहोममधील मोठ्या आंतरराष्ट्रीय कंपन्यांचे बरेचसे काम इंग्रजीतून चालते. तिथे तुमच्या दीड वर्षाच्या मेहनतीचे कोणाला अप्रूप नाही, आणि उद्या जागा मिळालीच तरी चार महिन्यांनी तुमचे इंग्रजी सुधारलेले असेल, स्वीडिश मात्र होती तिथेच असेल. भाषेसाठी इंटर्नशिप करायची असेल तर जे काम त्या भाषेवाचून अडते तेच काम शोधावे, हे मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगत आलो आहे. लहान गावातील ग्रंथालय, एखादे छोटे वस्तुसंग्रहालय, शाळा, स्थानिक वर्तमानपत्र, चार माणसांची प्रकाशनसंस्था, शेतीशी संबंधित सहकारी संस्था, अशा ठिकाणी दिवसभर कानावर पडते ती तिथली भाषा. दारात आलेल्या आजींना पुस्तक कुठे ठेवले आहे हे तुम्हाला त्यांच्याच भाषेत सांगावे लागते, तिथे दुसरा मार्ग नसतो.

अशाही ठिकाणी एक अडचण येते. या देशांतील बहुतेक लोकांना इंग्रजी उत्तम येते, आणि समोरचा माणूस अडखळतो आहे असे दिसले की ते सौजन्याने इंग्रजीकडे वळतात. त्यांचा हेतू चांगला असतो, पण शिकणाऱ्याचे नुकसान होते. म्हणून पहिल्याच दिवशी ‘कान वी प्राता स्वेन्स्का?’, म्हणजे ‘आपण स्वीडिशमध्ये बोलू या का?’, असे विचारून ठेवावे आणि हे वाक्य रोज वापरण्याचा संकोच करू नये. स्वीडनमध्ये सकाळी आणि दुपारी कॉफीची सुट्टी असते, तिला ‘फीका’ म्हणतात. त्या पंधरा-वीस मिनिटांत सगळे एका टेबलाभोवती बसून घरातल्या, हवेच्या, सुट्टीच्या गप्पा मारतात. नवख्या माणसाला त्यातले निम्मे कळत नाही आणि तो कप घेऊन आपल्या जागेवर जाऊन बसतो. तसे करू नका. कामाची भाषा कागदावरून शिकता येते, बोलण्याची भाषा त्या टेबलावरच मिळते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. तुमच्या ईमेलमध्ये तुम्हाला काय हवे आहे ते सविस्तर आहे, पण तुम्ही त्यांच्यासाठी काय आणणार आहात, याचा एकही शब्द नाही. एखाद्या स्वीडिश मुलीपेक्षा चांगली स्वीडिश तुम्ही नेऊ शकणार नाही, हे उघड आहे. मग कोल्हापूरच्या मुलीने न्यावे काय? याचे एक उदाहरण मला फार मोलाचे वाटते. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील तरंगंबाडी हे ठाणे १६२० पासून १८४५ पर्यंत डेन्मार्कच्या ताब्यात होते आणि त्याला लागून तंजावरच्या भोसल्यांचे राज्य होते. या शेजारामुळे तंजावरचे मोडी लिपीतील मराठी कागद डेन्मार्कमधील संग्रहांत पोहोचले आणि ते आजही तिथे आहेत. मोडी वाचता येणारी आणि डॅनिशही जाणणारी माणसे जगात किती असतील? कोल्हापुरात पुराभिलेखागार आहे, करवीर संस्थानचे मोडी दप्तर आहे आणि मोडी शिकवणारी माणसे आहेत. इतिहासाचा विद्यार्थी मोडी आणि डॅनिश दोन्ही शिकून तिथल्या अभिलेखागाराला पत्र लिहील, तर त्याचे पत्र बाजूला ठेवले जाणार नाही, असे मला मनापासून वाटते.

प्रत्येकाने मोडीच शिकावी, असे माझे म्हणणे नाही. तुमच्या पत्रात एका ओळीत तुम्ही लिहिले आहे की वडील गावच्या दूध संस्थेत सचिव आहेत. ही ओळ ईमेलमध्ये हवी होती. डेन्मार्कमधील पहिली सहकारी डेअरी १८८२ साली जटलंडमधील येडिंग या खेड्यात शेतकऱ्यांनी सुरू केली. दुधातून साय सतत वेगळी काढणारे यंत्र स्वीडनच्या गुस्ताफ दे लावाल यांनी १८७८ साली तयार केले आणि त्या यंत्रामुळेच लहान शेतकऱ्यांचे दूध एकत्र करून लोणी काढणे परवडू लागले. सकाळी सहा वाजता कॅन घेऊन रांगेत उभे राहणारे उत्पादक, फॅटनुसार लागणारा दर, दहा दिवसांचे बिल, हे सगळे तुम्ही लहानपणापासून पाहिले आहे. दक्षिण स्वीडन किंवा डेन्मार्कमधील ग्रामीण वस्तुसंग्रहालयात याच गोष्टी काचेच्या कपाटात मांडलेल्या असतात. त्यांच्याकडे इतिहास झालेली गोष्ट तुमच्या गावात आज चालू आहे आणि तुम्ही त्यावर स्वीडिशमध्ये शाळकरी मुलांशी बोलू शकता. हा प्रस्ताव घेऊन चाळीस नव्हे, सहा संस्थांना लिहा.

महिन्यांचा हिशोबही तपासा. तुम्ही जूनपासूनचे महिने मागितले आहेत, कारण आपल्याकडे तेव्हा परीक्षा संपलेल्या असतात. स्वीडनमध्ये जून ते ऑगस्टच्या दरम्यान सलग चार आठवडे सुट्टी मिळण्याचा कर्मचाऱ्याला कायद्याने हक्क आहे आणि बहुतेक जण ती जुलैत घेतात. डेन्मार्क आणि नॉर्वेतही जुलै असाच रिकामा जातो. तुम्हाला शिकवायला कार्यालयात कोणीच नसेल. ऑगस्टच्या अखेरीस शरद सत्र सुरू होते, त्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंतचे दिवस मागावेत आणि पत्रे त्याआधी किमान सात-आठ महिने पाठवावीत. तोवर कोल्हापुरातच थोडा अनुभव जमवा. १८५० साली स्थापन झालेल्या करवीर नगर वाचन मंदिरासारख्या जुन्या ग्रंथालयात दोन महिने काम करून मिळवलेले प्रमाणपत्र परदेशी ग्रंथालयाला नीट समजते. पुण्यात अल्फा लावाल, सँडविक, एसकेएफ, टेट्रा पॅक अशा स्वीडिश मुळाच्या कंपन्या आहेत. तिथे स्वीडिश बोलायला मिळेल या आशेने मात्र जाऊ नये.

प्रश्न : मी एम.ए.च्या पहिल्या वर्षाला असून नवीन शैक्षणिक धोरणानुसार आम्हाला चार क्रेडिटचे ऑन जॉब ट्रेनिंग करावे लागते. मी फिनिश शिकतो. फिनलंडमधील इंटर्नशिप या क्रेडिटसाठी धरली जाईल का? त्यासाठी कोणता व्हिसा घ्यावा लागतो? माझे मित्र म्हणतात की पर्यटक व्हिसावर जाऊन यावे. (विद्यार्थी, गडहिंग्लज)

उत्तर : शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो. पर्यटक म्हणून घेतलेल्या शेंगेन (युरोपातील बऱ्याच देशांना मिळून एकच असलेल्या) व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत राहता येते, पण तो फिरण्यासाठी असतो. इंटर्नशिप हे काम आहे, मग त्यासाठी पैसे मिळोत वा न मिळोत. सीमेवर विचारले असता खोटे सांगावे लागेल असा कोणताही मार्ग धरू नये. प्रवेश नाकारला गेला तर तो नकार पुढच्या अर्जांतही अडचणीचा ठरू शकतो.

योग्य मार्ग लांबचा असला तरी सरळ आहे. युरोपीय संघाच्या २०१६ सालच्या निर्देशात संघाबाहेरील प्रशिक्षणार्थींसाठी वेगळी तरतूद आहे. अर्जदार पदवीचे शिक्षण घेत असला पाहिजे किंवा अर्जापूर्वीच्या दोन वर्षांत त्याने पदवी मिळवलेली असली पाहिजे. प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेशी त्याचा लेखी करार हवा, आणि त्या करारात कामाचे स्वरूप, कालावधी, रोजचे तास, मार्गदर्शन कोण करणार आणि दोघांचे कायदेशीर नाते काय, हे लिहिलेले हवे. काम त्याच्या अभ्यासविषयाशी जुळणारे असावे, अशीही अट घातली जाते. फिनलंड आणि स्वीडनला हा निर्देश लागू आहे, डेन्मार्क त्यात सहभागी नाही, तर नॉर्वे आणि आइसलंड युरोपीय संघाचे सदस्यच नाहीत. त्यामुळे या तीन देशांचे नियम वेगळे वाचावे लागतात. फिनलंडसाठी मिग्री, स्वीडनसाठी मिग्राशून्सवर्केत, नॉर्वेसाठी यूडीआय आणि डेन्मार्कमध्ये कामासाठीच्या परवान्यांकरिता सीरी, या सरकारी यंत्रणांची संकेतस्थळे इंग्रजीतही आहेत. नियम आणि शुल्क वरचेवर बदलतात, म्हणून मित्राने मागच्या वर्षी काय केले यावर विसंबू नये.

क्रेडिटचा प्रश्न कोल्हापुरातच सोडवायचा आहे, आणि येथेच बहुतेकांची चूक होते. मुले आधी परदेशात जागा मिळवतात, जाऊन येतात आणि मग प्रमाणपत्र घेऊन विभागप्रमुखांसमोर उभी राहतात. तेव्हा विभागप्रमुखांच्या हातात काही उरलेले नसते. जाण्यापूर्वी तुम्ही, तुमचे महाविद्यालय आणि तिकडची संस्था असा त्रिपक्षीय करार करून घ्या. त्यात एकूण तास, कामाची साप्ताहिक नोंद कोण तपासणार आणि शेवटचे मूल्यमापन कोणत्या नमुन्यात येणार, हे ठरवून घ्या. विभागाच्या बैठकीत विषय मांडून त्याची लेखी नोंद घ्यायला सांगा. हाच करार पुढे निवास परवान्याच्या अर्जालाही उपयोगी पडतो.

इरास्मस प्लस या युरोपीय योजनेबद्दल तुम्ही ऐकले असेलच. तिच्यात भारतीय विद्यार्थ्यांना दोन ते बारा महिन्यांची इंटर्नशिप करता येते, परंतु विद्यार्थी एकटा अर्ज करू शकत नाही. युरोपातील विद्यापीठ आणि आपले विद्यापीठ यांच्यात आधी करार असावा लागतो आणि निधीसाठी अर्ज युरोपातील विद्यापीठ करते. म्हणून तुमच्या प्राध्यापकांना माझी कळकळीची विनंती आहे की त्यांनी एका तरी नॉर्डिक विद्यापीठाशी असा करार करण्यासाठी पाठपुरावा करावा. तुम्हाला त्याचा लाभ मिळेलच असे नाही, कारण अशा कामाला दोन-तीन वर्षे लागतात. तुमच्या मागून येणाऱ्यांना मात्र तो मिळेल. फिनलंडची राष्ट्रीय शिक्षण संस्था परदेशी विद्यापीठांत फिनिश शिकणाऱ्यांसाठी उन्हाळी अभ्यासक्रम चालवत आली आहे. तिथेही विद्यापीठात शिकत असल्याचा पुरावा लागतो, खासगी शिकवणीचा चालत नाही.

कागदपत्रांबाबत थोडक्यात सांगतो. परदेशी यंत्रणेने मागितल्यास पदवी आणि गुणपत्रिकांवर अपोस्टिल (आंतरराष्ट्रीय करारानुसार परदेशात मान्य होणारे साक्षांकन) करून घ्यावे लागते. भारत २००५ सालापासून त्या आंतरराष्ट्रीय कराराचा सदस्य आहे. त्यासाठी आधी राज्य पातळीवरचे साक्षांकन आणि नंतर परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, असा क्रम असतो. परवान्यासाठी बोटांचे ठसे आणि फोटो देण्यासाठी मुंबईला जावे लागेल असे धरून चला. महालक्ष्मी एक्सप्रेसचे तिकीट वेळ मिळाल्या दिवशीच काढा, आणि मूळ कागद बॅगेत न ठेवता हाताशी असलेल्या पिशवीत ठेवा.

प्रश्न : माझी मुलगी डॅनिश शिकते. एका एजंटाने तिला डेन्मार्कमधील शेतीच्या कंपनीत ‘हमखास’ इंटर्नशिप देतो असे सांगून चार लाख रुपये मागितले आहेत. त्याने कंपनीचे पत्रही दाखवले. पैसे द्यावेत का? तिला एकटीला पाठवणे सुरक्षित आहे का? शिवाय तिकडे सहा महिने अंधार असतो असे ऐकतो. (एक पालक, इचलकरंजी)

उत्तर : पैसे देऊ नयेत. आपण एकही रुपया दिलेला नसेल तर वेळेवर लिहिलेत.

डेन्मार्कमध्ये शेती, बागकाम अशा क्षेत्रांत परदेशी प्रशिक्षणार्थींना परवाना मिळतो हे खरे आहे, आणि एजंट याच अर्धसत्याचा आधार घेतात. तो परवाना त्याच विषयाचे शिक्षण घेणाऱ्यांसाठी असतो. आपली मुलगी भाषेची विद्यार्थिनी आहे. तिच्या नावाने कृषी शिक्षणाचे कागद ‘तयार’ केले जातील, आणि पकडले गेल्यास त्या कागदांवर सही तिची असेल. पैसे गेल्याचे दुःख सोसता येते, खोट्या कागदाचा डाग पुसायला फार वर्षे लागतात.

त्या पत्राची शहानिशा आपण घरी बसून करू शकता. डेन्मार्कमधील प्रत्येक नोंदणीकृत व्यवसायाला आठ अंकी सीव्हीआर क्रमांक असतो. तिथली सरकारी नोंदवही विनामूल्य पाहता येते आणि कंपनीचे नाव, पत्ता, ती चालू आहे की बंद, हे त्यात दिसते. नॉर्वेत असा क्रमांक नऊ अंकी, तर स्वीडनमध्ये दहा अंकी असतो. पत्रावर क्रमांकच नसेल तर तिथेच थांबावे. असेल तर नोंदवहीतील पत्त्यावर, एजंटाने दिलेल्या ईमेलवर नव्हे, मुलीने स्वतः डॅनिशमध्ये दोन ओळींचे पत्र लिहून विचारावे. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाने १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी केलेली असली पाहिजे आणि त्याला ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. नोंदणीकृत एजंटांची यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर आहे. चार लाखांचा आकडा ऐकल्यावरच आपल्या मनात शंका आली, ती रास्त होती.

मुलीच्या सुरक्षिततेची काळजी वाटणे स्वाभाविक आहे. हे देश एकट्या मुलीला राहण्यासाठी चांगले आहेत, असे मी तिथे राहून आलेल्या विद्यार्थिनींच्या अनुभवावरून सांगतो. ११२ हा आपत्कालीन क्रमांक या सर्व देशांत चालतो आणि पाचही नॉर्डिक देशांच्या राजधान्यांत भारताचा दूतावास आहे. खरा त्रास होतो तो घराचा. स्टॉकहोम आणि कोपनहेगनमध्ये भाड्याची खोली मिळणे कठीण असते आणि आगाऊ भाडे घेऊन गायब होणारे लोक तिथेही आहेत. त्यामुळे राहण्याची सोय संस्थेनेच सुचवावी अशी विनंती करारापूर्वी करावी. बँक खात्याचाही प्रश्न येतो, कारण सगळे व्यवहार ओळख क्रमांकावर चालतात. डेन्मार्कमध्ये तीन महिन्यांहून जास्त राहणाऱ्याला सीपीआर क्रमांक घ्यावा लागतो, पण स्वीडनमध्ये किमान एक वर्ष राहणाऱ्यालाच नागरी नोंदणीचा क्रमांक मिळतो, त्यामुळे सहा महिन्यांसाठी गेलेल्याला खाते उघडणे अवघड जाते. भारतातून वापरता येईल असे कार्ड सोबत असू द्यावे.

अंधाराबद्दल आपण ऐकले ते संपूर्ण प्रदेशाला लागू नाही. नॉर्वेच्या उत्तर टोकाकडील ट्रोम्सो शहरात नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येत नाही. कोपनहेगनमध्ये मात्र डिसेंबरमधील सर्वांत लहान दिवसही सुमारे सात तासांचा असतो. कोल्हापूर-इचलकरंजीकडे तोच दिवस अकरा तासांचा असतो, त्यामुळे पहिल्या हिवाळ्यात मन खिन्न होणे साहजिक आहे. दुपारच्या सुट्टीत बाहेर उजेडात चालायला जाण्याची सवय तिने लावून घ्यावी आणि आपण रविवारचा फोन चुकवू नये.

प्रश्न : मला एक नॉर्डिक भाषा शिकून पुढे तिथे इंटर्नशिप करायची आहे. कोणती निवडावी? सर्वांत सोपी कोणती? (विद्यार्थी, कागल)

उत्तर : या प्रश्नावर मी थोडे जास्त लिहिणार आहे, कारण मराठी माणसाला या भाषांत ओळखीच्या खुणा सापडतात आणि त्या कोणी सांगत नाही.

स्वीडिश, डॅनिश, नॉर्वेजियन, आइसलँडिक आणि फेरोईज या एका कुळातल्या, जर्मनच्या नात्यातल्या भाषा आहेत. फिनिश त्या घरची नाही, तिचे नाते एस्टोनियन आणि दूरवरून हंगेरियनशी आहे. फिनिश अवघड म्हणून लोक तिला घाबरतात, पण मराठी बोलणाऱ्याला तिची घडण समजायला वेळ लागत नाही. ‘तालो’ म्हणजे घर, ‘तालोस्सा’ म्हणजे घरात आणि ‘तालोस्ता’ म्हणजे घरातून. प्रत्यय शब्दाला मागून चिकटतो, अगदी आपल्यासारखा. इंग्रजी माध्यमातून फिनिश शिकणारे पंधरा विभक्त्या पाठ करत बसतात. मराठीत विचार केला तर त्यातल्या निम्म्या आपोआप कळतात.

डॅनिशची गंमत आकड्यांत आहे. पन्नासला डॅनिशमध्ये ‘हालत्रेस’ म्हणतात आणि त्याचा मूळ अर्थ आहे ‘अर्धा तिसरा गुणिले वीस’, म्हणजे अडीच विसा. आपला ‘अडीच’ हा शब्दही संस्कृतातील ‘अर्धतृतीय’ यापासून आलेला आहे, म्हणजे तोच ‘अर्धा तिसरा’. सत्तरला डॅनिश माणूस ‘अर्धा चौथा गुणिले वीस’ म्हणतो, म्हणजे साडेतीन विसा. जुन्या मराठी शाळांत औटकी पाठ करून घेत असत, त्यातला ‘औट’ म्हणजे हाच साडेतीन, ‘अर्धचतुर्थ’. शेजारचे स्वीडिश आणि नॉर्वेजियन लोकही डॅनिश आकड्यांपुढे हात टेकतात, पण ज्याच्या आजोबांनी पावकी, निमकी, अडीचकी आणि औटकी म्हटली त्याला ते परके वाटायचे कारण नाही. डॅनिशचा उच्चार मात्र कठीण आहे. लिहिलेली निम्मी व्यंजने बोलताना विरघळून जातात आणि वाचून शिकलेला विद्यार्थी कोपनहेगनच्या दुकानात गोंधळतो.

नॉर्वेजियन डॅनिश आणि स्वीडिश यांच्या मध्ये बसते. तिचे लिखाण डॅनिशच्या जवळचे आणि उच्चार स्वीडिशच्या जवळचे आहेत, त्यामुळे ती आली की शेजारच्या दोन्ही भाषा बऱ्यापैकी समजू लागतात. तिला बूकमोल आणि नीनोर्स्क अशी दोन अधिकृत लेखनरूपे आहेत, परक्याने बूकमोलपासून सुरुवात करावी. शब्दाचा सूर बदलला की अर्थ बदलतो, हे तिचे वैशिष्ट्य आहे. ‘ब्योन्नेर’ एका सुरात म्हटले तर शेतकरी, दुसऱ्या सुरात म्हटले तर घेवड्याच्या बिया. स्वीडिश बोलणारे सर्वांत जास्त, एक कोटीहून अधिक आहेत आणि ती फिनलंडमध्येही दुसरी राष्ट्रभाषा आहे, त्यामुळे संधी दोन देशांत शोधता येतात. शिकण्याची साधनेही तिच्यात भरपूर आहेत.

सोपी कोणती, हे विचारण्यापेक्षा तुम्हाला तिथे कोणते काम करायचे आहे ते आधी ठरवा. सहकार आणि दूधव्यवसायात रस असेल तर डॅनिश, समुद्र आणि मासेमारी असेल तर नॉर्वेजियन, ग्रंथालये आणि शालेय शिक्षण यांत मन असेल तर फिनिश किंवा स्वीडिश, असा माझा कौल राहील. पैसे भरण्याची घाई करू नका. स्वीडिश इन्स्टिट्यूटचा स्वीडिश अभ्यासक्रम, ट्रॉन्डहाइमच्या एनटीएनयू विद्यापीठाचा नॉर्वेजियन अभ्यासक्रम आणि आइसलंड विद्यापीठाचा आइसलँडिक अभ्यासक्रम इंटरनेटवर विनामूल्य आहेत. तीन महिने रोज तासभर बसून पाहा, मग निवड पक्की करा. इंटर्नशिपसाठी अर्ज करताना बी१ पातळी गाठलेली असावी. त्याखालच्या पातळीवर गेलेले विद्यार्थी पहिले दोन महिने नुसते ऐकत बसतात.

प्रश्न : राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती इंटर्नशिपसाठी मिळते का? (विद्यार्थी, जयसिंगपूर)

उत्तर : नाही. ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना परदेशी विद्यापीठातील पदव्युत्तर पदवी किंवा पीएच.डी.साठी आहे. तुम्ही पात्र असाल तर नॉर्डिक विद्यापीठातील पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी तिचा जरूर विचार करा. काही अभ्यासक्रमांतच इंटर्नशिपचे सत्र असते, त्यामुळे दोन्ही गोष्टी एका परवान्यावर साधतात.

प्रश्न : अर्जाचे पत्र स्वीडिशमध्ये कसे लिहावे आणि मुलाखतीची तयारी कशी करावी? (विद्यार्थिनी, शाहूपुरी)

उत्तर : माझ्या एका विद्यार्थिनीने लिहिलेला पहिला मसुदा माझ्यासमोर आहे. पहिल्या ओळीत ‘परमआदरणीय महोदय’ या अर्थाचे शब्द आहेत, दुसऱ्या परिच्छेदात वडिलांचा व्यवसाय आणि दहावीचे गुण आहेत, आणि इंटर्नशिप कशासाठी हवी ते दुसऱ्या पानावर आहे. शिवाय तिने सर्वत्र ‘नी’ हे आदरार्थी सर्वनाम वापरले होते, कारण तिच्या मनात ‘आपण’ होते. स्वीडनमध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीस सर्वांना ‘दू’, म्हणजे ‘तू’, म्हणण्याची रीत रुजली. १९६७ साली ब्रूर रेक्सेद यांनी वैद्यकीय खात्याच्या महासंचालकपदी येताच आपण सर्वांना ‘दू’ म्हणणार असे जाहीर केले, तो प्रसंग आजही सांगितला जातो. त्यामुळे एकट्या व्यक्तीला लिहिताना ‘नी’ म्हटले की तिकडच्या बऱ्याच लोकांना ते परकेपणाचे वाटते. आपल्या मुलांना साठीच्या ग्रंथपालबाईंना ‘तू’ लिहिताना हात आखडतो, हे मला ठाऊक आहे. पण तिथे आदर सर्वनामातून दाखवत नाहीत. वेळ पाळणे, पत्र थोडक्यात लिहिणे आणि दिलेला शब्द पूर्ण करणे, यालाच ते आदर मानतात.

आम्ही तो मसुदा असा बदलला. ‘हेय’ आणि पुढे त्या बाईंचे पहिले नाव. पहिल्याच वाक्यात कोणत्या महिन्यांसाठी आणि कोणत्या कामासाठी लिहीत आहे ते. नंतर तीन वाक्ये कोल्हापुरातील ग्रंथालयात केलेल्या कामाची, त्यांपैकी एकात बालविभागातील पुस्तकांची नोंद तिने कशी केली याचा तपशील. मग स्वीडिश किती येते, याचा प्रामाणिक उल्लेख: ‘वाचता चांगले येते, बोलताना वेळ लागतो.’ शेवटी ‘मेद वेन्लिगा हेल्स्निंगार’ आणि नाव. पत्र एका पानाच्या आत संपले. आई-वडिलांचे नाव, जन्मतारीख, जात, धर्म, वैवाहिक स्थिती यांतले काहीही घातले नाही, कारण तिथे ते विचारत नाहीत. अकरा दिवसांनी उत्तर आले आणि मुलाखतीची वेळ ठरली.

मुलाखतीत अवघड प्रश्न क्वचितच येतात. काम करताना काही समजले नाही तर तुम्ही काय कराल, हे मात्र हमखास विचारतात. आपली मुले ‘मी सगळे शिकून घेईन’ असे उत्तर देतात. त्यांना ‘मी लगेच विचारेन’ हे ऐकायचे असते. न विचारता चुकीचे काम पुढे रेटणारा माणूस त्यांना नको असतो.

आणखी एक गोष्ट वहीत लिहून ठेवा. हिवाळ्यात आपण स्वीडनच्या साडेचार तास पुढे असतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळे एक तास पुढे जातात आणि हा फरक साडेतीन तासांवर येतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तो पुन्हा साडेचार होतो. त्या विद्यार्थिनीची मुलाखत एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, तिकडच्या सकाळी दहा वाजता होती. तिने मार्चमध्ये कॅलेंडरवर ‘दुपारी अडीच’ असे लिहून ठेवले होते. ती नीट तयार होऊन अडीच वाजता लॅपटॉपसमोर बसली, तेव्हा समोरच्या बाई तासभर वाट पाहून गेलेल्या होत्या. तिने रडत मला फोन केला. मी तिला इतकेच सांगितले की कारणे न देता चार ओळी स्वीडिशमध्ये लिही आणि दुसरी वेळ माग. तिने घड्याळाची चूक जशी झाली तशी लिहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी दीड वाजता मुलाखत झाली, आणि सप्टेंबरपासून ती त्या ग्रंथालयात बालविभागात काम करत आहे.